खालची टाकी

नेरूळच्या प्रक्रिया केंद्रात बारा वर्षं झाली मला,
शहराने सोडून दिलेलं पाणी तपासते.
अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट,
ही माझी रोजची बाराखडी.
आणि वाशीला, सेक्टर सतराच्या पोटमाळ्यावर,
शिबू मला विचारतो,
मॅडम, बॅक्टेरिया माहितीये ना?
मी म्हणते, सांग.
सांगणाऱ्याला थांबवू नये, भाव उतरतो.

तो एकेक वस्तू काउंटरवर ठेवतो.
एक काचेच्या पाठीला लटकणारी,
बालवाडीच्या दप्तराएवढी, स्वस्त.
"गोड्या पाण्याला चालेल. खाऱ्यात हिचा दम जातो."
मग कॅनिस्टर. बंद डबा, आत स्पंजाचे थर,
चिनी मातीची नळकांडी, झाकणाला चार कड्या.
आवाज नाही, पसारा नाही, सहा महिने बघायला नको.
मला तेच नको.
न बघितलेल्या टाकीत काय साठतं
ते मी झाकण उचलून पाहिलेलं आहे.

"मग सम्प घ्या."
कपाटाच्या पोटात दुसरी काच.
वरचं पाणी खाली पडणार, फेसातून, दगडांतून फिरणार,
पंप त्याला पुन्हा वर ढकलणार.
शिबू बोटाने हवेत गोल काढतो,
दोनदा, मला कळलं नसेल म्हणून.
मग स्किमर लावून दाखवतो.
उभी नळी, दुधासारखे बारीक बुडबुडे,
गळ्याशी चढत जाणारा तपकिरी फेस
आणि वर तो गोळा करणारी वाटी.
हा फेस माझ्या ओळखीचा.
आमच्या वायुवीजनाच्या टाकीवर धरतो तोच,
इथे फक्त त्याला बावीस हजार पडतात.

घरी जयराजचा एकच प्रश्न: लाइट गेली तर?
पंप थांबेल, वरचं पाणी नळीतून उलटं येईल,
खालची टाकी भरून वाहील,
आणि टिपणीसकाकूंचं नवीन छत, पीओपीचं, गुलाबी.
मी नळीला भोक पाडलं, पाण्याच्या पातळीखाली पेरभर,
म्हणजे तिथे हवा शिरेल आणि ओढ तुटेल.
खालच्या काचेवर नेलपॉलिशने रेघ मारली.
ह्याच्यावर पाणी भरायचं नाही. कुणीही.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाडी दिसते.
मी पिशवीतलं मीठ आरओच्या पाण्यात ढवळत बसते,
एक पूर्णांक शून्य दोन पाच येईपर्यंत.
ओजस म्हणाला, समोर एवढं फुकट खारं पाणी आहे की.
मग त्याला आठवलं, आई कुठे काम करते
आणि तिथून पाणी कुठे जातं.
पुन्हा विचारलं नाही त्याने.

आता पाण्यात दगड आहेत
आणि कुजायला टाकलेली एक कोळंबी.
"टायगर? कुजवायला?" जयराजचा आवाज चिरला होता.
त्यांना खायला काहीतरी लागतं, म्हटलं,
त्याशिवाय ते येत नाहीत.
ओजसचे मित्र काचेला नाक लावून जातात.
मासे कुठेत रे?
येतायत, तो सांगतो, ट्रॅफिकमध्ये अडकल्यासारखे.
रोज रात्री मी चाचणीची नळी दिव्याखाली धरते.
हिरवी. गडद हिरवी. परवा जरा पोपटी वाटली,
पण तेव्हा मी दमलेली होते.
केंद्रात मढवी विचारतात, पिवळा आला का?
ते तिथल्या आकड्यांबद्दलसुद्धा
इतक्या आस्थेने विचारत नाहीत.

काल सव्वादोनला लाइट गेली.
मी टॉर्च घेऊन कपाटापुढे फरशीवर बसले.
पाणी खाली येत राहिलं,
रेघेकडे, रेघेला लागून, रेघेच्या वर,
नळीने एक मोठा घोट घेतल्यासारखा आवाज केला
आणि थांबलं.
काठाला दोन बोटं उरली होती.
मोबाइल उजळला. टिपणीसकाकू.
इतका वेळ त्या छताकडे बघत पडल्या होत्या तर.
"कोरडं आहे. झोप."

झोपले नाही.
लाइट आली तेव्हा पंप दोनदा खोकला,
मग पाणी वर चढायला लागलं.
फरशीवर सांडलेला एक थेंब
सकाळी पांढरा झाला होता.
तो पुसायचा राहिलाय.